कालिंपाँगचें अनोळखी फूल

कालिंपाँगास मंडळी जातात तीं बहुधा वसंतांत. आम्ही गेलों डिसेंबरांत, आणि तेंच बरें झालें. कारण त्या डोंगरांतील स्लिपर ऑर्किड थंडीच्या सुमारासच फुलतें. त्याची खालची पाकळी चपलेच्या टोकासारखी फुगीर असते, म्हणून हें नांव. आपल्या सह्याद्रींत आमरीच्या जाति पुष्कळ, पण हें कुल महाराष्ट्रांत नाहीं. दक्षिणेंत त्याची एकच जाति, तीहि दूर अगस्त्यमलयाच्या डोंगरांत.

तेथील एका रोपवाटिकेच्या मालकांनीं आम्हांस कोपऱ्यांतील एक कुंडी दाखविली. “ही भूतानकडची नवी जाति. अजून हिला नांव नाहीं,” ते म्हणाले. आमच्या वहिनींनीं तें रोप घेण्याचें तेथल्या तेथें ठरविलें. बंधु वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. त्यांनीं भिंग काढलें.

त्या बाजूस या कुलाच्या दोन जाति प्रसिद्ध आहेत. पहिली ‘व्हेनुस्टम’, १८२० सालीं शास्त्रांत दाखल झालेली: पानें हिरव्या नक्षीचीं व खालून जांभळीं, पाकळ्यांवर काळसर चामखिळी, पिशवीवर हिरव्या शिरांचें जाळें. दुसरी ‘फेअरियानम’: पानें साधीं हिरवीं, आणि बाजूच्या पाकळ्या खालीं झुकून टोकाशीं वर वळलेल्या, हुबेहूब म्हशीचीं शिंगें! ही १८५७ सालीं इंग्लंडांत फुलली व पुढें बागांतून नाहींशी झाली. सँडर नांवाच्या व्यापाऱ्यानें हजार पौंडांचें बक्षीस लावलें, तेव्हां १९०५ सालीं ती पुन्हां हातीं लागली. फुलापायीं माणसें काय करितील याचा नेम नाहीं.

कुंडींतील फूल या दोहोंच्या मधोमध होतें. पानांवर नक्षी, पण पुसट. पाकळ्या झुकलेल्या, पण टोकें जेमतेम वळलेलीं. पिशवीवर जाळें, पण फिकें. फुलाच्या मध्यभागीं वंध्य केसराची लहानशी ढाल असते. तिचा आकार जातीजातींत निराळा, म्हणून जाणते प्रथम तीच पाहतात. येथें तीहि धड एकीची नव्हती. नव्या जातींत स्वतःचें असें कांहीं तरी दिसावयास हवें. येथें जी खूण पाहावी ती आईची नाहीं तर बापाची.

“हा संकर आहे,” बंधु म्हणाले.

“मग बागेंतलाच कीं! घेऊं या ना,” वहिनी म्हणाल्या.

परंतु गोष्ट तेवढ्यानें मिटत नव्हती. या दोन जातींचा संकर रानांतहि आपोआप होतो. शास्त्रांत त्याला ‘प्रधानी’ असें नांव आहे. आणि रानांतलीं हीं रोपें उपटणें आपल्या देशांत कायद्यानें निषिद्ध आहे. परदेशांशीं होणारा त्यांचा व्यापारहि १९९० पासून बंद आहे. तेव्हां फुलाकडून उत्तर मिळेना, तें रोपाकडून घ्यावें लागलें. शेजारचीं बियांपासून वाढविलेलीं रोपें एका वयाचीं, निटस, पानांस डाग नसलेलीं. या एकट्याचीं जुनीं पानें किड्यांनीं कुरतडलेलीं. वरचें शेवाळ बाजूस सारतां जाड मुळ्या तुटलेल्या दिसल्या व त्यांना रानची काळी माती चिकटलेली.

मालक कांहीं बोलले नाहींत. वहिनींनीं पैसे परत कनवटीस लाविले, फुलाकडे बराच वेळ पाहिलें, आणि शेजारचें बियांपासून झालेलें व्हेनुस्टम उचललें. पुण्याचा उन्हाळा तें कसा काढतें, तें आतां पाहावयाचें आहे.