पावातलं यीस्ट आणि उन्हाला भिणारी मुलं

काही मुलांना ऊन अजिबात सोसत नाही. थोडा वेळ अंगणात खेळली तरी चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, गालांवर तपकिरी ठिपके दाटतात, आणि लहान वयातच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. या आजाराचं नाव झेरोडर्मा पिगमेंटोसम. तो दुर्मीळ आहे. मी असा एकच मुलगा पाहिला. त्याच्या आईने विचारलं होतं, "डॉक्टर, आम्ही दोघं धडधाकट, मग ह्यालाच कसं?"

उत्तराचा एक धागा तुम्ही चहात बुडवता त्या पावापर्यंत जातो. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये रॅड-३ नावाचा जनुक आहे. तो बिघडला की अतिनील किरणांनी डीएनएची झालेली मोडतोड दुरुस्त होत नाही. १९८३ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी तो पुरताच मोडून पाहिला. पद्धत साधी, पण डोळ्यांची परीक्षा घेणारी. जनुकाच्या दोन प्रती असलेली पेशी घ्यायची, एक प्रत मोडायची आणि पेशीला उपाशी ठेवायचं. तिचे चार बीजाणू होतात, दोघांत चांगली प्रत, दोघांत मोडकी. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने ते वेगळे मांडायचे. जनुक अत्यावश्यक असेल तर दोनच वाढतात. रॅड-३चं तसंच झालं.

पण अतिनील किरणं न लागलेली पेशी दुरुस्तीचा जनुक नाही म्हणून मरावी का? याचा उलगडा १९९३मध्ये झाला. रॉजर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की रॅड-३चं प्रथिन टीएफटूएच या दहा प्रथिनांच्या यंत्राचा भाग आहे. हे यंत्र डीएनएची वीण उसवतं, दुरुस्तीसाठी आणि जनुक वाचण्यासाठीही. वाचनच थांबलं तर पेशी जगणार कशी?

माणसात याच जनुकाचा भाऊबंद एक्सपीडी. हा आजार घडवणाऱ्या आठ जनुकांपैकी तो एक. एक्सपीडीमुळे आजारी असलेल्या मुलात दोन्ही प्रती सदोष असतात, पण वाचनापुरतं काम चालू असतं. म्हणून तर ते जन्माला येतं. आईवडिलांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत असते, म्हणून ते धडधाकट. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, हे मला स्पष्ट सांगावंच लागतं.

असं मूल घरात असेल तर जनुकीय समुपदेशन घ्याच. पूर्ण बाह्या, टोपी, गॉगल रोजचे. खिडकीची साधी काचही पुरेशी नाही, तिच्यावर अतिनील किरणं अडवणारी फिल्म लावा. आणि ऊन बंद केलंय, तेव्हा ड जीवनसत्त्व तपासून घ्या.