पायाळू

आमच्या मराठवाड्यात मृगाआधीचा वळीव आणि दसऱ्याच्या पुढेमागे येणारा परतीचा पाऊस, या दोन वेळा विजेच्या. नेमका तेव्हाच शेतकरी रानात असतो. एकदा मशागतीला, एकदा सोयाबीनच्या काढणीला. साप दिसला की आपण दहा माणसे गोळा करतो. वीज कडाडली तर मात्र 'एवढी गंजी झाकून येतो' म्हणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात विजेने २,८८७ माणसे गेल्याची नोंद आहे. त्या वर्षी पुराने, उन्हाने वा थंडीने एवढी नेली नाहीत. हे आकडे मी सभांतून सांगत असतो. पण आज सांगायची आहे ती माझीच गोष्ट.

ऑक्टोबर २०२१. पीक कापणी प्रयोगासाठी एका गावी गेलो होतो. बांधापलीकडे गुत्त्याने सोयाबीन काढणाऱ्या सात बायांची टोळी होती. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळेभोर झाले, वारा सुटला. माझ्या हातात प्रयोगाचे कागद. ते भिजू नयेत म्हणून मी बांधावरच्या मोठ्या लिंबाखाली धावलो आणि वर बायांनाही हाक मारली, "चला, चला, झाडाखाली या!" कृषी पदवीधर माणूस मी! उंच एकटे झाड विजेला जवळचे, झाडावर पडलेली वीज बुंध्यातून शेजारच्या माणसावर उडी घेते, मुळांपाशीच्या जमिनीतूनही पसरते, हे मी कितीदा तरी शिकवलेले.

सहाजणी आल्या. सातवी येऊ लागली तशी एक म्हातारी ओरडली, "तू नको गं! तू पायाळू हायेस. तुझ्यापायी आमच्यावर पडंल." ती बिचारी मुकाट्याने मागे फिरली आणि कापलेल्या रानात पोते डोक्यावर घेऊन बसली. मी काहीच बोललो नाही.

थोड्याच वेळात डोळे दिपले आणि कानठळ्या बसल्या. दोन शेते सोडून चिंचेखाली बांधलेली बैलजोडी जागीच गेली. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर असतात. जमिनीतून पसरलेली वीज एका पायातून शिरते, पोटा-छातीतून दुसऱ्या पायात जाते. म्हणून झाडाखालची गुरे हकनाक मरतात. आम्ही वाचलो. म्हातारीने हात जोडले, "बघा सायब, तिला लांब ठेवली म्हणून टळलं." तेव्हाही मी गप्पच. बोललो असतो तर आधी माझी हाक चुकली हे कबूल करावे लागले असते.

आणखी एक सांगायचे राहिले. माझी नवी चारचाकी शंभर पावलांवर रस्त्यात उभी होती. काचा लावलेली, लोखंडी टपाची बंद गाडी विजेपासून चांगला आसरा देते, कारण वीज टपावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. दाटीवाटीने सगळ्याजणी मावल्या असत्या. पण गाडी माझ्या मनात आली ती एवढ्यापुरतीच, की चिखलाचे पाय नकोत. कागद आणि गाडीची गादी डोळ्यांसमोर होती. वीज कुठेतरी आभाळात होती. गंजी झाकायला धावणाऱ्यात आणि माझ्यात फरक तो काय!

म्हणून आता मी बायाबापड्यांना सांगतो की आभाळ भरल्यावर विचार करू नका, तेव्हा तो सुचत नाही. सकाळी रानात उतरतानाच ठरवा, जवळचे पक्के घर कोणते, बंद गाडी कुठे. उघडा पत्र्याचा मांडव किंवा ट्रॅक्टर कामाचा नाही. वीज चमकली की अंक मोजा. तीसच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, निघा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत रानात जाऊ नका. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' मोबाईलवर आहे, ते घरातल्या पोराकडून बघून घ्या. काहीच आसरा नसेल तर झाडे, तारा यांपासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका. आणि विजेने पडलेल्या माणसाला शिवायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा.

पुढच्या जूनमध्ये त्याच गावच्या शाळेत हे सारे सांगितले. जन्मताना पाय आधी आले म्हणून वीज कुणाला ओळखत नाही, हेही सांगितले. मागे बसलेली एक बाई उठली. तीच होती.

"मग सायब, त्या दिशी का बोलला न्हाईत?"

मी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं ऱ्हाऊ द्या. त्या दिवसापास्नं मला कुणी टोळीत घेत न्हाई. तेवढं मुकादमाला सांगा."

मुकादमाला तिथेच सांगितले. त्या हंगामात ती टोळीत होती. आभाळ भरले की बाया अजून तिच्याकडे बघतात, असे मागे बाजारात भेटली तेव्हा सांगत होती.