धुतलेली तार, जळलेला कापूस

काटकसर हा गुण वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली, की तो आपोआप अंगी बाणतो. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरील आमच्या महागावात, यवतमाळ जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच, आमच्या बालपणी कोणतीही वस्तू एका जन्मात संपत नसे. लुगडे विटले की त्याची गोधडी होई. गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. स्टोव्हचा बर्नर काजळीने कोंदला, तर नवा आणण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे. तो उतरवून, रॉकेलात भिजवून, पिनेने त्याचे छिद्र मोकळे करून पुन्हा बसवला जाई. पंपाचे चामडी वायसर सुकले, तर ते खोबरेल तेलात बुडवून मऊ करण्यात येई. कंदिलाची काच चुलीतल्या राखेने लख्ख होई आणि वातीचा जळका भाग कातरीने सरळ छाटला, की संध्याकाळची ज्योत पुन्हा एकसारखी उभी राही.

वातीविषयी एक गोष्ट आम्हांला त्या वयातच कळली होती. तेल आहे तोवर कापूस फारसा जळत नाही. जळते ते तेल. वात तेल वर ओढते, त्या तेलाची वाफ होते, वाफ होताना उष्णता खर्ची पडते आणि कापूस बहुतांशी शाबूत राहतो. तेल संपले, की मग मात्र ज्योत कापसालाच खाऊ लागते. म्हणून घरातली वडील माणसे बजावत, "कंदील कोरडा पडू देऊ नका." कोरड्या कंदिलात जळालेली वात राखेने घासून वा रॉकेलात भिजवून पूर्ववत होत नसे. ती कापावीच लागे.

ही जुनी विद्या आम्हां उभयतांस पुन्हा उपयोगी पडली ती महागावापासून फार दूर, इंग्लंडमधील लेस्टर शहरात. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या भाच्याकडे सहा आठवडे राहिलो. भाचा महागावातच लहानाचा मोठा झालेला, आता तिकडे एका गोदामात नोकरीस आहे. एके दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात नळापाशी उभा राहून, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा धातूच्या चार-पाच नळ्या कपातल्या गरम पाण्यात खळबळत होता.

"काय करून राहिला रे तू?" मामींनी विचारले.

"कॉइल धुऊन राहिलो, मामी. फेकून कशाला द्यायची? धुतली की अजून आठवडाभर चालते."

ते उत्तर ऐकून आम्हांला आधी हसू आले. महागावची काटकसर सातासमुद्रापलीकडे गेली होती, आणि तिने स्टोव्हच्या बर्नरऐवजी व्हेपची कॉइल हाती धरली होती.

वाचकांपैकी अनेकांनी हे यंत्र पाहिले नसेल, म्हणून थोडे स्पष्टीकरण करतो. व्हेप, अर्थात ई-सिगारेट, म्हणजे बॅटरीवर चालणारी धूम्रनळी. चीनमधील होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. तिच्यात तंबाखू जळत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटिन व सुगंधी अर्क घातलेला द्रव तापवून त्याचे धुके केले जाते आणि ते छातीत ओढले जाते. हा द्रव तापवणारा जो भाग, तीच कॉइल. धातूच्या छोट्या नळीत लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या, किंवा निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार अथवा जाळी असते. विजेच्या शेगडीची तार याच जातीची. त्या तारेला लागून असतो कापूस. नळीच्या बाजूच्या छिद्रांतून द्रव आत येतो, कापूस तो शोषून तारेपर्यंत नेतो आणि तार तापली की त्याची वाफ होते. म्हणजे हा आमचा कंदीलच झाला. फक्त ज्योतीच्या जागी तार आणि रॉकेलाच्या जागी निकोटिन! कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील आम्हां माणसांना वात ओळखायला वेळ लागला नाही.

भाच्याला कॉइल धुण्याची पाळी का आली, तेही सांगितले पाहिजे. पूर्वी तो एकदा वापरून फेकून देण्याचे व्हेप ओढत असे. अशा व्हेपचा ब्रिटनमध्ये इतका सुळसुळाट झाला होता, की २०२३ साली दर आठवड्याला सुमारे ५० लाख नग कचऱ्यात जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. प्रत्येकात लिथियमची एक बॅटरी! लहान मुलांनाही त्यांची गोडी लागली होती. १ जून २०२५ पासून तेथे अशा व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. आता पुन्हा चार्ज होणारे, पुन्हा भरता येणारे आणि कॉइल बदलता येईल असेच यंत्र विकता येते. भाच्याने ते घेतले. पण कॉइल दर आठ-दहा दिवसांनी खराब होई आणि नवी घेताना त्याच्या मनात पौंडांचे रुपये होत.

त्याची धुण्याची रीत आम्ही कुतूहलाने पाहिली. प्रथम कॉइल यंत्रातून काढून उरलेला द्रव कागदाने टिपायचा. मग ती गरम पाण्यात खळबळायची. नंतर व्हिनेगरमध्ये किंवा शुद्ध मद्यार्कात काही तास बुडवून ठेवायची, पुन्हा स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायची, फुंकर मारून छिद्रांतले पाणी काढायचे आणि एक-दोन दिवस हवेशीर जागी वाळवायची. आत ओल राहिली तर तार तापताच पाणी तडतडते. मद्यार्क राहिला तर तो पेट घेऊ शकतो. वाळल्यावर कापसावर नव्या द्रवाचे चार थेंब सोडायचे, यंत्रात बसवून दहा मिनिटे थांबायचे आणि मगच कळ दाबायची. कारण कोरड्या कापसावर तार तापली, की पहिल्याच झुरक्यात तो करपतो.

एवढे सोपस्कार करून हाती काय लागते? तारेवर साचलेली काळी पुटे बऱ्याच अंशी निघतात. ही पुटे मुख्यतः द्रवातील गोड पदार्थांची. पाकाचे भांडे चुलीवर विसरले की तळाशी जे होते, तेच तारेचे होते. द्रव जितका गोड, तितकी कॉइल लवकर मरते. पुटे निघाली की चव काही दिवस सुधारते. पण कापूस? तो जिथे करपला तिथे करपलेलाच राहतो. कॉइलचे डोके कारखान्यात घट्ट बसवलेले असते. आतला कापूस बदलण्याची सोयच त्यात नसते. काही शौकीन लोक स्वतः तार गुंडाळून, स्वतः नवा कापूस भरण्याची यंत्रे वापरतात. तेथे तार घासून स्वच्छ करता येते आणि वात नवी घालता येते. आमच्या कंदिलाचाच तो न्याय आहे. भाच्याच्या यंत्रात मात्र जळकी वात तशीच ठेवून कंदील पुसल्यासारखे होत होते.

करपलेल्या कापसातून आणि अतितप्त द्रवातून फॉर्मॅल्डिहाइड व ॲक्रोलीन यांसारखी दाहक रसायने निघतात. घशाला ठसका लावणारी ती चव म्हणजे कॉइल टाकून देण्याची सूचनाच होय. तारेचाही भरवसा नाही. २०१८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ जणांची व्हेप-यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवात शिसे, निकेल, क्रोमियम हे धातू फारच थोडे होते; पण तोच द्रव तापलेल्या कॉइलपाशी गेल्यावर त्यातील, आणि श्वासावाटे ओढल्या जाणाऱ्या धुक्यातील, त्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. धुण्याने पुटे जातात. तारेचे झिजणे थांबत नाही.

धुके छातीत गेल्यावर काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याला कोणी परदेशातून येऊन सांगावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी व मजूर अत्यवस्थ झाले आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. ते विष वेगळे, ती मात्रा वेगळी. त्याची व्हेपशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक थेंब कातडीतून आणि श्वासातून माणसाच्या आत शिरतात, एवढा धडा त्या वर्षी गावोगावी गिरवला गेला.

हे सारे आम्ही भाच्याला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "मामा, बारा वर्षं सिगारेट ओढली मी. दोन वर्षं झाली, एकही ओढली नाही. ते ह्याच्यामुळंच."

त्यावर आमच्याजवळ चटकन देण्यासारखे उत्तर नव्हते, कारण त्याचे म्हणणे खरे होते. जळत्या तंबाखूच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये नसतात. सिगारेटपेक्षा व्हेप कमी घातक, परंतु निर्धोक मुळीच नव्हे. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढास ती साहाय्यक ठरू शकते, पण जो ओढतच नाही त्याने, आणि मुलांनी तर कधीच, तिच्या वाटेस जाऊ नये, अशी ब्रिटनच्या आरोग्यसेवेची भूमिका आहे. भारताने निराळा मार्ग धरला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा व जाहिरात या सर्वांस आपल्याकडे बंदी आहे. उत्पादन, आयात वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून गावी येताना ते यंत्र तिकडेच ठेवून यावे, असे आम्ही भाच्यास बजावले.

बंदीचा अभिमान बाळगताना आपल्या दाराकडेही पाहावे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याच्या रिकाम्या पुड्या रस्त्याकडेला दिसतातच. आणि आमचा विदर्भाचा खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेली ती पुडी पानठेल्यावर उघडपणे हातात पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. तेव्हा लेस्टरच्या भाच्याला नावे ठेवण्याचा अधिकार गालात खर्रा धरून बसलेल्या महागावकरास नाही.

मग त्याला सांगावे तरी काय? पुष्कळ विचारान्ती आम्ही एवढेच सांगितले, की तुझी काटकसर चांगली, पण ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. बर्नर आम्ही जपला, कारण त्यावर रोजची भाकरी भाजायची होती; ती गरज मरेपर्यंतची. सिगारेट सोडण्यासाठी घेतलेली कुबडी मात्र पाय बरा होईपर्यंतची. तिला घासूनपुसून वर्षानुवर्षे टिकवण्यात कसली बचत? कॉइल करपली तर ती निमूटपणे टाक. चार पौंडांसाठी जळका कापूस ओढू नकोस. बचत करायचीच असेल, तर ती निकोटिनात कर. ब्रिटनमध्ये या द्रवात दर मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन घालण्यास परवानगी आहे आणि भाचा त्याच बाटल्या घेत होता. बाजारात १०, ६, ३ आणि शून्याच्याही बाटल्या मिळतात. तो आकडा हळूहळू, तेथील डॉक्टरच्या सल्ल्याने, खाली आणायचा. मात्र पुन्हा सिगारेटकडे वळण्याइतकी घाई करायची नाही, असे ठरले. गोड स्वादही त्याने आपण होऊन सोडला. कॉइल त्यामुळे जास्त टिकू लागली, ही त्याच्या दृष्टीने वरकड कमाई!

आमच्या वाचक कुटुंबांस एक विनंती आहे. शहरात शिकायला गेलेल्या मुलाच्या खोलीत पेनासारखे किंवा पेनड्राइव्हसारखे काही दिसले, फळांचा गोडसर वास आला, धातूची एखादी चिमुकली नळी कापसासह सापडली, तर ती काय आहे हे ओळखावे. कायदा असूनही हा माल चोरवाटेने मिळतो आणि मुले त्याला निव्वळ सुगंधी वाफ समजतात. ओरडण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारावे, की यापूर्वी तू सिगारेट ओढत होतास काय? उत्तर बहुधा 'नाही' असे येईल. सिगारेट सोडण्यासाठी ज्याने हे हाती घेतले त्याची गोष्ट वेगळी. ज्याने निकोटिनाची सुरुवातच येथून केली त्याला ही वाफ सोडवत काहीच नाही, ती केवळ जखडून ठेवते. असा मुलगा एकट्याने त्यातून सुटत नाही. त्याला घरच्यांची सोबत लागते.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला होता. बाटलीवरचा आकडा सहावर आला आहे. कॉइल धुण्याचे त्याने सोडून दिले आहे आणि व्हिनेगर, मामींच्या सांगण्यावरून, लोणच्याच्या कामी लावले आहे. सहावरून तीनवर यायला किती महिने लागतील ते त्यालाही ठाऊक नाही. आम्ही दर रविवारी फोनवर तेवढे एकच विचारतो आणि आकडा हलला नसला, तरी रागावत नाही.