शेवटची बादली

बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचं आपलं गाव. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि दिवाळी सरली की सकाळी अंगात हुडहुडी भरते. अशा गावात आंघोळीला ऊन पाणी ही चैन नव्हे, गरज. म्हणून तर आता गच्चीगच्चीवर सोलरच्या टाक्या दिसतात. आमच्याही गच्चीवर २०० लिटरची एक आहे. पाणी तापवायचं कसं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तापलेलं पाणी सांभाळायचं कसं, याची चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही.

आमच्या घरात माणसं पाच. मुलांचं कॉलेज, यांचं ऑफिस, माझं पहिलं लेक्चर. त्यामुळं सव्वासातपर्यंत चौघांच्या आंघोळी उरकलेल्या असतात. पाचव्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आपल्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि शेजारच्या कन्नड घरात अत्ती, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. आत्यांचं वय ७८, गुडघ्यांत संधिवात. घर रिकामं झालं की निवांत आंघोळ आणि मग देवपूजा, असा त्यांचा क्रम. त्यांची बादली भरायला साडेनऊ-दहा वाजतात.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कामवाल्या मावशींनी मला हळूच सांगितलं, "बाई, आजी रोज गॅसवर पातेलं तापवून न्हाणीत नेतात." आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, सोलरचं येतंय की! जरा कोमट असतंय, एवढंच." शेजारच्या अक्का तिथंच बसल्या होत्या. त्या हसत म्हणाल्या, "उगुरुबेच्चगे!" कोमटाला कन्नडमध्ये किती नेमका शब्द आहे बघा. नखाला कळेल इतपत ऊन. शब्द गोड आहे, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं कढत पातेलं दोन्ही हातांत धरून ओल्या फरशीवरून जायचं, यात गोड काही नव्हतं.

खालच्या न्हाणीत गिझर बसवायचा, असं घरात लगेच ठरलं. कॉलेजात स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला, तेव्हा आमचे फिजिक्सचे सर म्हणाले, "मॅडम, नवी चूल मांडण्याआधी जुन्या चुलीची ऊब कुठं जाते ते बघा." त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशोबच मांडला. २०० लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर जवळजवळ ९ युनिट वीज लागते. तेवढी उष्णता सूर्य एका चांगल्या दिवसात टाकीत भरून देतो. मग ती जाते कुठं?

रविवारी प्लंबरला घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. पहिलं उत्तर टाकीतच सापडलं. सोलरची टाकी दिसते एक, पण असतात दोन. आत पाण्याची, बाहेर पत्र्याची आणि मधे फोम. फोम म्हणजे खरं तर असंख्य बारीक कप्प्यांत कोंडलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. सारी करामत त्या हवेची. आमच्या टाकीच्या टोकाचं झाकण तडकलं होतं आणि पावसाचं पाणी आत झिरपून फोम भिजला होता. पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगानं उष्णता पुढं नेतं. म्हणजे ज्या पांघरुणानं ऊब राखायची, तेच ऊब बाहेर सांडत होतं.

दुसरं उत्तर नळात होतं. गच्चीपासून खालच्या न्हाणीपर्यंत आमचा नळ अठरा मीटर, अर्धा इंची, लोखंडी आणि उघडा. अशा नळात मीटरमागं साधारण पाव लिटरला थोडं कमी पाणी मावतं. म्हणजे साडेतीन लिटर पाणी कायम वाटेवरच उभं. सर म्हणाले ते मला पटलं, की वाहत्या पाण्याची ऊब फारशी जात नाही, थांबलेल्या पाण्याची जाते. उघड्या नळात अर्धा तास थांबलं की कढत पाणी कोमट होतं. आम्ही चौघं पाठोपाठ न्हायचो, म्हणून आम्हांला काही जाणवायचं नाही. आत्यांच्या वेळेपर्यंत नळ पार गारठलेला असायचा. टाकीतही आमच्या चार आंघोळींच्या जागी गार पाणी येऊन मिसळलेलं. बरं, नळातलं गार पाणी सोडून द्यावं, तर राकसकोपचं पाणी असं मोरीत घालवणं आत्यांच्या शास्त्रात बसत नाही. ते सगळं त्या बादलीतच धरायच्या.

प्लंबरनं टाकीचं टोक उघडलं, भिजलेला फोम काढून नवा भरला, झाकण बदलून सांधे बंद केले. नळाला वरपासून खालपर्यंत काळ्या रबरी फोमची नळी चढवली. हा फोम उन्हानं चिरफाळतो, म्हणून गच्चीवरच्या भागावर चंदेरी पट्टी गुंडाळली. टाकीवरची हवेची उभी नळी मात्र त्यानं मोकळीच ठेवली. वाफेला वाट हवी. ती कधी बांधायची नाही, झाकायची नाही. कुणी हौसेनं टाकी गुंडाळायला निघालं असेल तर एवढं जरूर लक्षात ठेवावं.

संध्याकाळी आत्या जिना चढून ते बघायला आल्या. म्हणाल्या, "नळाला वाकळ घातलीस म्हण की." अक्का गच्चीच्या कठड्यापलीकडून म्हणाल्या, "कौदी!" वाकळ म्हणा की कौदी, दोन्ही घरांत जुन्या लुगड्यांचे थर टाके घालून एकत्र येतात आणि थरांमध्ये हवा कोंडून ठेवतात. भिजलेली वाकळ ऊब देत नाही, हेही दोन्ही घरांना ठाऊक आहे. फोमचं शास्त्र आपल्या बायका सुईदोऱ्यानं शिवत आल्या आहेत. आत्यांच्या माहेरी, खानापूरकडं, न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचा हंडा चुलवणात बसवून मातीनं लिंपलेला असे. जाळ विझला तरी निखारे, राख आणि भोवतीची माती पाणी दुपारपर्यंत ऊन ठेवत. शेवटी न्हाणाऱ्या बाईलाही त्यातलं तांब्याभर कढत पाणी मिळे, असं त्या सांगतात.

यंदाच्या थंडीत मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम दहा वाजता आत्यांच्या बादलीत हात घालून पाहिला. पाणी कढत नव्हतं, पण वर पातेलं ओतावं लागेल असंही नव्हतं. ढगाळ दिवशी अजून अडतं. त्या दिवशी सूर्यच पुरेसं देत नाही, तिथं फोम तरी काय करणार? पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली राखतं. अशा दिवशी आम्ही टाकीतली कॉइल तासभर लावतो. गिझरचा बेत मात्र तूर्त बाजूला पडला. सगळ्या दुरुस्तीला आला तो खर्च गिझरच्या निम्म्याहूनही कमी होता.

सोलर घेताना आपण दुकानदाराला विचारतो, पाणी किती तापतं? तो सांगतो तो आकडा पहिल्या बादलीचा असतो. विचारायला हवं ते हे, की चौघं न्हाऊन गेल्यावर, दहा वाजता, किती ऊन उरतं? याचं उत्तर दुकानात मिळत नाही. ते घरातल्या शेवटी न्हाणाऱ्या माणसापाशी असतं, आणि ते माणूस बहुधा आपण होऊन काही सांगत नाही.