अजब बंगल्यातील दालने

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय 1863 साली स्थापन झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1861 मध्ये, खालसा झालेले भोसल्यांचे राज्य आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत बनवण्यात आला होता. हा विस्तीर्ण आणि बराचसा जंगलाने व्यापलेला प्रदेश नव्या राज्यकर्त्यांना पुरता ठाऊक नव्हता, आणि त्यातील दगड, धातू, पशुपक्षी, कारागिरी व माणसांच्या चालीरीती यांचे नमुने एका छताखाली आणून तो समजून घ्यावा, ही त्या काळच्या प्रशासनाची दृष्टी या वास्तूच्या जन्मामागे होती. शहराने मात्र या वास्तूला अजब बंगला म्हटले आणि दीडशेहून अधिक वर्षे तेच नाव चालू ठेवले. वैशाखात बाहेर पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकत असताना उंच छताच्या दालनांत एक वेगळीच शांतता असते. सहलीला आलेली मुले वाघापाशी रेंगाळतात, खेड्यातून कामानिमित्त शहरात आलेली कुटुंबे शस्त्रांपाशी आणि मूर्तींपाशी थांबतात, आणि ताम्रपटांच्या कपाटांसमोर सहसा कुणी नसते.

या भूमीची कथा सांगायची तर ती माणसाच्या फार पूर्वी सुरू होते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरत होते, पण हे उद्रेक सलग नव्हते. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात खोलगट जागी तळी साचत, त्यांत गोगलगायी वाढत, काठावर झाडे उगवत, आणि पुढचा लाव्हा आला की हे सारे जीवन त्याखाली गाडले जाई. अशा थरांना भूशास्त्रात आंतरलाव्हा थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळी येथील असे थर अभ्यासकांच्या नजरेस आणून देणारे स्टीफन हिस्लोप हे स्कॉटलंडहून 1845 मध्ये नागपूरला आलेले धर्मोपदेशक होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही शहरात आहे आणि हिस्लोपाइट हे हिरवट कॅल्साइटही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच काळातील लमेटा खडकांत, म्हणजे लाव्हाच्या थरांखाली सापडणाऱ्या नदी-तळ्यांच्या गाळाच्या खडकांत, लांब मानेच्या प्रचंड शाकाहारी डायनासोरांची हाडे मिळाली, आणि अजब बंगल्यातील अशा जीवाश्मांसमोर उभे राहिले की पायाखालची काळी माती हीसुद्धा त्या वितळलेल्या खडकाचीच झीज आहे, हे ध्यानात येते.

हिस्लोप यांचे दुसरे काम अधिक मोलाचे मानले पाहिजे. गोंड समाजात परधान नावाचा एक वर्ग आहे. किंगरी किंवा बाना या तंतुवाद्याच्या साथीने यजमान कुळांच्या देवांची आणि पूर्वजांची गाणी गाणे हा त्याचा परंपरागत अधिकार. अशा एका परधानाकडून हिस्लोप यांनी लिंगोचे गीत उतरवून घेतले. त्यात गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांना लिंगो मुक्त करतो आणि त्यांना कुळांत विभागून देवांची उपासना शिकवतो. चार, पाच, सहा किंवा सात देव मानणारे असे जे कुळसमूह गोंडांत आहेत आणि ज्यांच्यावरून विवाहसंबंध ठरतात, त्यांचे मूळ सांगणारी ही कथा असल्याने ती त्या समाजाचा पुराणग्रंथ आणि कायदा दोन्ही आहे. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात हिस्लोप बुडाले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेम्पल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केले. ज्याने ते गीत गाऊन दाखवले त्या परधानाच्या नावाने मात्र शहरात काहीच नाही, आणि ही उणीव एकट्या नागपूरची नाही. प्रादेशिक संग्रहालयांत गोळा करणाऱ्याचे नाव टिकते आणि सांगणाऱ्याचे गळून पडते, ही या संस्थांच्या घडणीतलीच खोट आहे.

ज्या शिलावर्तुळांसाठी हिस्लोप गेले होते ती नागपूरच्या आसपास शेकड्यांनी आहेत. मोठे धोंडे गोलाकार रचून मधे दगडगोट्यांचा ढीग आणि त्याखाली मृताचे अवशेष व वस्तू, अशी ही लोहयुगीन दफने. जुनापाणी, माहुरझरी आणि नायकुंड येथील उत्खननांतून ती कोणाची होती याचा पुष्कळ उलगडा झाला. माहुरझरीला तांब्याच्या साजासह पुरलेले घोडे मिळाले, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. म्हणजे हे लोक धातुकाम जाणणारे, घोडे बाळगणारे होते. त्याहूनही जुना मानला जाणारा ऐवज बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी 1870 मध्ये गुरे राखणाऱ्या मुलांना सापडला: 424 तांब्याची हत्यारे आणि 102 चांदीचे पातळ पत्रे. त्यातील पुष्कळ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही नागपूरला राहिल्या. बालाघाट आज मध्य प्रदेशात आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरची राजधानी गेली, प्रांत तुटला, पण अजब बंगल्यात तो जुना प्रांत अखंड उरला आहे, आणि नकाशावरून पुसलेल्या प्रदेशाचे हे रेंगाळणे या दालनांच्या उदास, काहीशा पोरक्या वातावरणाचे खरे कारण असावे.

बाहेरून येऊन वसणाऱ्यांचा इतिहास या भूमीत इंग्रजांपासून सुरू होत नाही. वाकाटक राजांचे ताम्रपट, म्हणजे दानाचा मजकूर कोरलेले तांब्याचे पत्रे, हे वसाहतीचेच दस्तऐवज आहेत. या लेखांतील प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी असते, म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. अचलपूरजवळ चम्मक येथे मिळालेल्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाने मधुनदीकाठचे चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे, आणि ते राज्याशी द्रोह करणार नाहीत, चोरी करणार नाहीत, इतर गावांवर चालून जाणार नाहीत, तोवरच हे दान टिकेल अशी अटही आहे. त्या जमिनीवर आधी कोण राहत होते, याविषयी असे पट बहुधा गप्प असतात.

पुढे हीच प्रक्रिया उलट्या दिशेने घडली, हे विशेष आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवले, आणि कष्टाळू शेतकरी व कारागीर यांना बाहेरून बोलावून जमिनी दिल्या. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या 1827 च्या अहवालातही त्याची दखल आहे. येथे मूळ रहिवासी हाच राजा होता आणि वसणारे त्याच्या निमंत्रणाने आले होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रघुजी भोसले यांनी सत्ता हाती घेतली तेव्हाही गोंड राजपद नावापुरते राखून ठेवण्याची गरज त्यांना वाटली. अशा स्थितीत गोंडांची वाद्ये, दागिने आणि देवचिन्हे आदिवासी दालनात आणि राजांची शस्त्रे, नाणी व लेख इतिहासाच्या दालनात, ही विभागणी सत्याशी जुळत नाही. एकोणिसाव्या शतकातील वर्गीकरणाने जंगलातल्या माणसाला निसर्गाच्या शेजारी बसवले आणि लिहिणाऱ्याला इतिहास दिला. बख्त बुलंदाच्या शहरात तरी ही भिंत पाडायला हवी.

त्यासाठी लागणारे सारे हाताशी आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसाजवळ कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. लिंगोच्या कथेतील गुहा हीच, अशी श्रद्धा असल्याने दर माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून गोंड समाज तेथे जमतो. 2011 च्या जनगणनेत 29 लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा नोंदवली आहे. कपाटातील वाद्य कसे लावतात, ते कोणत्या कुळाच्या देवापुढे वाजते आणि कोणत्या प्रसंगी वाजवत नाहीत, हे सांगणारी माणसे नागपूरपासून एका दिवसाच्या प्रवासात आहेत. हिस्लोप यांनी विचारले होते, तसे त्यांना पुन्हा विचारता येईल, आणि या वेळी मराठीच्या जोडीने गोंडीतही फलक लिहून त्यावर सांगणाऱ्याचे नाव घालता येईल.