कार्बनची सायकल आणि नगरचा मुरूम

पुढच्या व मागच्या अशा दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेल्या सायकलीला फुल-सस्पेन्शन माउंटन बाइक म्हणतात. आणि तिची चौकट, म्हणजे फ्रेम, कार्बनच्या तंतूंचे थर इपॉक्सी राळेत बसवून साच्यात घडवलेली असेल, तर ती ॲल्युमिनियमच्या फ्रेमपेक्षा साधारणतः हलकी असूनही पुरेशी ताठ असते. डोंगरउतारावर सायकल हाकण्याच्या या खेळाला कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात आकार आला आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. अशा सायकलीबरोबर कारखान्याकडून हवेच्या दाबाचा जो तक्ता येतो, तो स्वाराचे वजन तेवढे विचारतो. खालची जमीन, वरचे ऊन आणि वाटेवरचा काटा त्यात धरलेला नसतो. प्रस्तुत लेखकाने अशी एक सायकल अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, शहरात जुळवली आणि डोंगरगण-मांजरसुंब्याचा परिसर, पारनेरची पठारे व अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचा काठ अशा परस्परांहून भिन्न प्रदेशांत चालवली. त्या अनुभवातून जे हाती आले त्याची ही मांडणी आहे.

जुळणीचा आरंभ बोल्ट आवळण्यापासून होतो, आणि कार्बनच्या बाबतीत हे काम अंदाजाने करण्याजोगे नाही, कारण धातूची नळी जास्त आवळली गेली तर आधी चेपते व डोळ्यांना दिसते, तर कार्बनचे थर आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहू शकतो. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमच्या बोल्टांवर बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. दहा सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकावर सुमारे पाच किलोचा भार दिल्यास जेवढा पीळ बसेल तेवढाच तो होय, आणि घाईतला हात तो सहज ओलांडतो. म्हणून ठरावीक पीळ बसताच इशारा देणारा टॉर्क रेंच वापरावा लागतो, आणि सीटच्या कार्बन दांड्याला ग्रीस न लावता बारीक कण असलेली कार्बन पेस्ट लावावी लागते, जिच्यामुळे कमी आवळूनही दांडा घसरत नाही. फ्रेमच्या खालच्या नळीवर जाड रबरी पट्टी चिकटवणे येथे आवश्यकच मानावे, कारण पुढच्या चाकाने उडवलेला बेसाल्टचा धारदार दगड नेमका तिथेच आदळतो.

यानंतरचा आणि सर्वांत अधिक वेळ मागणारा भाग हवेचा आहे. स्वार पाण्याच्या पिशवीसह सीटवर बसला की यंत्रणा स्वतःहून जेवढी दबते त्या अंतराला सॅग म्हणतात, आणि ते शॉकच्या, म्हणजे हवा भरलेल्या धक्काशोषकाच्या, दांड्यावरील रबरी कड्याने मोजतात. ५० मिलिमीटर दबणाऱ्या शॉकमध्ये ३० टक्के सॅग म्हणजे १५ मिलिमीटर. हे माप सकाळच्या गारव्यात बरोबर लागले तरी नगरच्या फाल्गुन-चैत्रात दुपारी ते टिकत नाही. बंद नळीतील हवा तापली की तिचा दाब वाढतो. १८ अंशांना २०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाने भरलेला शॉक ४२ अंशांपर्यंत तापला, तर त्याचा दाब सुमारे १८ पीएसआयने वाढतो, आणि २४ पीएसआयचे टायर त्याच उन्हात २७ च्या घरात जाते. शॉकमधील वाढ फारशी जाणवत नाही, परंतु टायरमधील तीन पीएसआय मुरमावर लगेच कळतात, कारण येथील टणक जमिनीवर सुट्या खड्यांचा पातळ थर असतो आणि फुगलेले टायर त्यावरून वळणात बाहेर सरकते. यास्तव उन्हाळ्यात टायरचा दाब निघण्याच्या तासाचा न धरता परतण्याच्या तासाचा धरून भरणे लेखकाला योग्य वाटते.

दबलेली यंत्रणा किती वेगाने मूळ जागी येते त्याला रिबाउंड म्हणतात. पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेने, उतरताना लहान दगड एकामागून एक इतक्या जवळ येतात, की रिबाउंड मंद ठेवल्यास शॉक वर येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो आणि सायकल खाली दबत जाऊन कडक होते. रिबाउंड थोडा वेगवान केल्यावर मागचे चाक जमिनीला धरून राहू लागले.

काट्याचा प्रश्न मात्र या जिल्ह्यात स्वतंत्र विचार मागतो. बाभूळ, वेडी बाभूळ आणि हिवर यांच्या फांद्या तोडून शेतकरी कुंपण घालतात, त्यातले काटे वाटेवर पडतात, आणि पावसाळा सरला की सराटेही वाळून पसरतात. ट्यूब घालून अशा वाटेने जाणे व्यर्थ आहे. ट्यूबलेस टायरमध्ये रबरी चिकाचे द्रावण, ज्याला सीलंट म्हणतात, भरलेले असते. छिद्र पडताच ते बाहेर येऊन गोठते व हवा अडते. काटा उपटल्यावर ते भोक जमिनीकडे फिरवून क्षणभर थांबले, म्हणजे द्रावण तिथे जमते. हेच द्रावण उन्हाने लवकर सुकते, त्यामुळे उन्हाळ्यात ते वारंवार तपासून पुन्हा भरावे लागते. कार्बनच्या चाकांवर मोठी रक्कम घालण्यापूर्वी या साध्या खर्चाची तरतूद करणे अधिक हिताचे आहे.

शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर या भंडारदरा जलाशयाभोवतीच्या रस्त्यावर मात्र पावसाळ्यात परिस्थिती उलटते. तेथे धो धो पाऊस आणि चिखल असतो, ओल्या चिखलात मऊ ब्रेक पॅड लवकर झिजतात म्हणून धातुमिश्रित पॅड लागतात, आणि चढांसाठी पुढची चक्री ३२ दात्यांची काढून ३० ची बसवावी लागते. मागच्या ५२ दात्यांच्या सर्वांत मोठ्या चक्रीबरोबर पायडलचा एक फेरा तेव्हा सायकलीला जेमतेम १.३ मीटर पुढे नेतो, पण माणूस चढतो. हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने वनखात्याचे नियम पाळून रुळलेल्या रस्त्यावरच राहणे बंधनकारक समजावे.

नीट जुळलेली सायकल जवळजवळ कोणत्याही उतारावरून खाली येऊ शकते, आणि नेमकी हीच गोष्ट नगर-पारनेरच्या डोंगरांवर जपून हाताळावी लागते. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथील लोकांनी श्रमदानाने पाणलोटाची जी कामे उभी केली, त्यांत डोंगरउतारावर समान उंचीने खोदलेले सलग समतल चर आहेत. पावसाचे पाणी तेथे अडते, मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. चराच्या काठावरचा मातीचा बांध टायरने एका जागी कापला गेला, तर पुढच्या पावसात पाणी तिथूनच वाट काढते. अशा उतारावर सायकलस्वारांनी गावकऱ्यांना विचारून रुळलेल्या पायवाटेनेच जावे, आणि चर आडवा आला तर उतरून सायकल खांद्यावर घ्यावी.