मागचं चाक आणि वेरूळची वाट

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर. छावणी मागे पडली, मिटमिटा ओलांडलं, की देवगिरीचा किल्ला दिसू लागतो. दौलताबादच्या पुढे रस्ता जुन्या तटातल्या दिल्ली दरवाजातून जातो. कमान इतकी अरुंद, की समोरून बस आली तर आपण मुकाट्याने थांबायचं! मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवलं. तिथले जुने दरवाजेही असेच, घोड्या-पालख्यांच्या काळातले. दरवाजा संपतो न संपतो तोच घाट, वर खुलताबाद, आणि पुन्हा उतरलं की घृष्णेश्वर. अशा वाटेवर गाडी तिरपी चालून कसं भागेल?

गेल्या वर्षी आमच्याकडे जुनी गाडी आली. श्रावणी सोमवारी सासूबाईंना घृष्णेश्वराला न्यायचा बेत होता. पण जालना रोडसारख्या सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित वळवून धरावं लागे. हे म्हणाले, "जुनी गाडी, चालायचंच." मला काही ते पटेना. गाडीत म्हातारं माणूस आणि मुलं बसणार, त्यात पावसाने निसरडा झालेला घाट!

एका ठिकाणी फक्त पुढची चाकं जुळवून दिली. स्टिअरिंग मधोमध आलं, पण मागचा डावा टायर एका कडेने झिजतच राहिला. मैत्रिणींनो, ही खूण ओळखायला मिस्त्रीच हवा असं नाही बरं का. गाडी उभी असताना टायरवर आडवा हात फिरवून पाहा. एकीकडून हात गुळगुळीत फिरतो आणि उलट फिरवला की करवतीच्या दातांसारखं खरखरीत लागतं, तर चाक सरळ धावत नाही, घासत चाललंय असं समजावं. दुसरी खूण त्याहून सोपी. डबक्यातून गाडी सरळ पुढे नेऊन ओल्या चाकांचे पट्टे पाहायचे. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या मानाने दोन्ही बाजूंना सारखे पडायला हवेत. आमचे एका बाजूला सरकलेले होते. गाडी चक्क खेकड्यासारखी चालत होती!

दुसऱ्या मिस्त्रीने चारही चाकांना यंत्राचे चिमटे लावले आणि पडद्यावरचा आकडा दाखवला. "वहिनी, मागचंच वाकडं असेल तर पुढचं कितीही जुळवा, गाडी वाकडीच जाणार." पुष्कळशा लहान गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या ॲक्सलवर असतात. पुढच्यासारखा बोल्ट फिरवून ती जुळवता येत नाहीत. चाक मोठ्या खड्ड्यात आपटलं किंवा फूटपाथच्या कडेवर आदळलं, की ॲक्सल जरासा वाकतो. आधीच्या मालकाने टायर नवे घालून ते झाकलं असावं.

मिस्त्रीने घाई केली नाही, हे मला आवडलं. रिम वाकडी नाही ना म्हणून आधी चाकांची अदलाबदल केली, मग ॲक्सल धरणारे रबरी बुश तपासले. ॲक्सलचं टोकच किंचित वाकलेलं निघालं. काही गाड्यांत तिथे तिरप्या जाडीची पातळ चकती घालून चाक सरळ करता येतं. आमच्या गाडीत तशी सोय होती. नसती, तर ॲक्सलच बदलावा लागला असता. "गरम करून ठोकून देतो," असं म्हणणारेही भेटतात. त्यांना नमस्कार करून निघावं. तापवलेलं लोखंड कमकुवत होतं, आणि त्यावर आपली माणसं बसायची असतात.

शेवटी कागद मागून घेतला. त्यावर चारही चाकांचे आकडे आधीचे आणि नंतरचे छापलेले असतात. नुसतं "झालं, ताई" यावर पैसे देऊ नयेत. जुनी गाडी घ्यायची असेल तर व्यवहाराआधीच हा कागद काढावा. विकणारा नको म्हणाला, तर त्यातच उत्तर मिळालं.

झिजलेला टायर तेवढा बदलावा लागला. पुढच्या सोमवारी दिल्ली दरवाजात समोरून बस आलीच. आम्ही थांबलो, ती गेली, आणि गाडी कमानीतून सरळ निघाली. सासूबाईंचं लक्ष मात्र पलीकडच्या पेरूवालीकडे होतं.